ऑग्सबुर्गच्या पुढचा अर्धा तास

माझा गुडघा दुखतो, हे मला तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

जेवणासाठी काढलेली मोठी पातेली मी स्टुलावर चढून माळ्यावर परत ठेवत होते. मेधा स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली.

“आई, आधी खाली उतर. गुडघा ना तुझा.”

“माझ्या गुडघ्याला काय झालंय? ते दुसरं पातेलं दे वर.”

तिने ते दिलं नाही. हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “बाबा म्हणाले होते, तुला डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. एवढा वेळ पाय दुमडून बसायचं नाही म्हणून.”

मी स्टुलावरून उतरले. कशाचाही आधार न घेता उतरले, ते तिने नीट पाहिलं.

“आणखी काय म्हणाले होते?”

“की गुडघा हे निमित्त आहे. मुळात तुलाच यायचं नाहीये. तू आग्रह करू नकोस, तिला नाही म्हणायला जड जातं.”

मग तुम्ही मला काय सांगत होतात, ते मी तिला सांगितलं. मेधाचं घर लहान आहे. तिची आणि जावईबापूंची दोघांची नोकरी, त्यात दोन मुलं. तिकडे पाहुणे म्हणजे ओझं असतं. ती स्वतःहून बोलवत नाही, तोवर आपण विषय काढायचा नाही. मी काढला नाही. मुलीच्या दारात आगंतुक म्हणून उभं राहायचं मलाही नव्हतं.

मेधा फरशीवरच बसली, पातेलं मांडीवर घेऊन. “बाबांनी आपल्या दोघींची काय वाट लावली गं,” ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि मग तिला ते हसू थांबवता येईना. मला हसू आलं नाही. अजून आलेलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला उद्देशून, कारण उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं. ऐकणार आहेत मात्र इरा आणि नील. त्यांचं मराठी बोलण्यापुरतं आहे, तेव्हा मेधा त्यांना हे वाचून दाखवणार आहे. आजीला आपल्याकडे यायचं नसतं, असं समजत ती दोघं मोठी झाली. ते खोटं आहे हे त्यांना माझ्या तोंडून कळावं. तुम्ही गेल्यानंतरच्या पंधरवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. ते सगळं खरं आहे, आणि त्यात मी आज भर घालणार नाही.

एक म्हणाले, “वहिनी, माणसाने शेवटपर्यंत छंद जपला.” मी मान हलवली आणि चहा टाकायला उठले.

तुमचा छंद. तो मेधानेच घरात आणला, हे तिला आठवतं का, मी विचारलं नाही. लग्नानंतर तिकडे गेली आणि पहिल्यांदा सुट्टीवर आली, तेव्हा तिने तुमच्या कॉम्प्युटरवर तो आगगाडी चालवायचा खेळ घालून दिला. म्युनिक ते ऑग्सबुर्ग. “बाबा, विमानतळावरून आमच्याकडे यायचा हाच रस्ता. येण्याआधी ओळख करून घ्या.” ओळख करून घ्या, म्हणाली ती. तुम्ही त्यानंतर उरलेलं सगळं आयुष्य ओळखच करून घेत बसलात.

तिचं गाव ऑग्सबुर्गच्या पुढे, अर्ध्या तासावर. खेळातला रस्ता ऑग्सबुर्गला संपत होता. पुढे रूळ थोडे दिसायचे आणि मग नुसतं हिरवं काहीतरी, मग तेही नाही. “खेळवाले पुढचा भाग काढतील लवकरच,” तुम्ही म्हणालात. त्यांनी काढले, पण दुसरीकडचे. कोलोन ते आखेन. हॅम्बुर्ग ते ल्युबेक. ड्रेस्डेन, ब्रेमेन, लाइपझिश. जर्मनीतला एक कोपरा त्यांनी सोडला नाही, तेवढा आपल्या मुलीच्या गावाचा तुकडा सोडून. आणि तुम्ही ते सगळे घेत गेलात.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेला आहात. माझं म्हणणं अजून तेच आहे: ते सगळे रस्ते एकच आहेत. वर तारा, खाली काँक्रीटचे स्लीपर, लाल डबे, करडे फलाट, फलाटावर काचेचा आडोसा, त्यात जाळीचा बाक. मग आवाज अडवायची भिंत. मग शेत, मग पवनचक्क्या, मग पुन्हा भिंत. झाडंसुद्धा तीच, एकाच साच्यातून काढलेली. मी दुपारी भाजी निवडत तुमच्या मागे बसायची आणि सांगायची, “हे काल पाहिलं.”

“काल हॅम्बुर्ग होतं. हे कोलोन आहे.”

“काय फरक आहे?”

“बघितलंस तर दिसेल. सिग्नल वेगळा आहे. उताराला गाडी वेगळी धावते. इथे ऱ्हाइन आहे.”

“नदी कुठे दिसली? भिंत दिसली.”

“भिंतीच्या मागे आहे.”

तुम्ही भांडुपच्या कारखान्यात जन्मभर तपासणी विभागात होतात. पट्ट्यावरून सरकणाऱ्या सारख्या शंभर झाकणांतलं एक वाकडं झाकण उचलणं, हे तुमचं काम. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत फरक शोधायची तुमच्या डोळ्यांना सवय होती, असं तुम्ही म्हणायचात. मी इंग्रजी शिकवलं. एकाच चुकीचे चाळीस निबंध मीही वर्षानुवर्षं तपासले. पण ते वेगवेगळे आहेत असं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तो तपकिरी बॅगवाला आठवतो? निळं जॅकेट, हातात तपकिरी बॅग, प्रत्येक स्टेशनवर उभा. त्याचं नाव आपण बंडू ठेवलं होतं. मी म्हटलं, “हा काल ल्युबेकला होता. आज ड्रेस्डेनला कसा पोचला?”

“फिरतीची नोकरी असेल.”

“आणि पलीकडच्या फलाटावरही हाच?”

“जुळा भाऊ.”

तेव्हा मला हसू आलं होतं. तुमच्याबरोबर मला पुष्कळदा हसू यायचं, हे इरा-नीलला कळायला हवं. मी चाळिशीत एम.ए.ला बसले, तेव्हा तुमच्या आईंनी नाक मुरडलं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, “तिका वाचूंदे. चाय मी करतंय.” आणि परीक्षा संपेपर्यंत रोज केलात, पाणचट, पण केलात. शाळेतून घाटकोपरहून मुलुंडला परतायला मला उशीर झाला की तुम्ही कुकर लावलेला असायचा. असा माणूस मला मिळाला म्हणून मी आयुष्यभर मिरवले. म्हणूनच आता जास्त लागतं. लबाड माणसाने फसवलं असतं तर मी दोन दिवसांत सावरले असते.

त्या खेळात गाडी चालवताना थोड्या थोड्या वेळाने एक कळ दाबावी लागायची. दाबली नाही, तर एक बाई ठसक्यात “सिफा, सिफा” असं ओरडायची, आणि तरीही दाबली नाही, तर गाडी आपण होऊन ब्रेक लावायची. तिचा आवाज आपल्या घरात इतका मुरला होता की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, ही सिफा कोण. मी तुम्हाला विचारलं, ती काय म्हणते.

“अगं, चालकाला झोप लागली, चक्कर आली, तर गाडीला कळायला नको? म्हणून ती विचारत राहते. आहेस का रे बाबा जागेवर?”

“बरं आहे तुमचं,” मी म्हटलं. “मला नाही कुणी असं विचारत.”

तुम्ही कळ दाबलीत. आता मला वाटतं, तेव्हा तुम्ही मला उत्तर द्यायच्या अगदी जवळ आला होतात.

माझी निळी बॅग माहीत होती तुम्हाला. पलंगाखाली, कायम भरलेली. दोघांचे लोकरीचे कपडे, घाटकोपरच्या बाजारातून आणलेले गरम मोजे, इरासाठी घेतलेला परकर-पोलका, जो तिला होईनासा झाल्यावर मी मेधाच्या नणंदेच्या मुलीला दिला. त्यात मेतकूट आणि गोडा मसाला असायचा. दर उन्हाळ्यात नवा मसाला झाला की मी बॅगेतला जुना काढून वापरायला घ्यायची आणि ताजा ठेवायची. तुम्ही जेवताना म्हणायचात, “आज आमटीला जरा जुना वास येतोय.” तो बॅगेतला मसाला असायचा. तुम्हाला ठाऊक होतं. तरी दुसऱ्यांदा वाढून घेऊन खायचात.

एकदा तर व्हिसाची वेळ घेऊन झाली होती. फोटो काढून आणले होते, तुमचा तो कान दिसणारा आणि माझा चोरासारखा दिसणारा. मग तुम्ही येऊन सांगितलंत, मेधाचा फोन होता, तिला रजा नाही, या वर्षी नको म्हणाली. मी फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवले. मेधाने आता सांगितलं, त्या वर्षी तिने रजा घेतली होती. मुलांच्या खोलीत आपल्यासाठी पलंग हलवून ठेवला होता. मला ‘या वर्षी नको’ सांगितलंत त्याच संध्याकाळी तुम्ही तिला फोन करून म्हणालात, “तुझ्या आईचा गुडघा.”

आणि व्हिडिओ कॉल. दर रविवारी नीलचं पहिलं वाक्य, “आजी, गुडघा कसा आहे?” मी मेधाचं कौतुक करायची, परदेशात राहून मुलांना मोठ्यांची विचारपूस करायला शिकवलंय म्हणून. “मस्त आहे रे राजा,” मी म्हणायची, आणि त्याला वाटायचं, आजी शूर आहे, दुखत असून सांगत नाही. त्याने पाठवलेलं चित्र अजून फ्रिजवर आहे: साडीतली एक बाई, हातात काठी. मी तुम्हाला विचारलं होतं, “ही म्हातारी कोण?” तुम्ही चुंबक लावून ते चित्र चिकटवलंत आणि म्हणालात, “मुलांना सगळ्या आज्या अशाच दिसतात.”

पण सगळ्यात मोठी गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण ती लिहायला मला त्रास होतो. मेधा दोन-तीन वर्षांनी मुलांना घेऊन पंधरा दिवसांसाठी यायची, तेव्हा तुम्ही बदलायचात. एरवी रस्त्याने दहा पावलं पुढे चालणारा माणूस. ती आली की माझ्या हातातली पिशवी घ्यायचात. जिन्यात माझा कोपर धरायचात. “शालिनी, तू बस, मी आणतो.” लिफ्ट बंद पडली तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत माझा हात धरून सावकाश चढलात, मेधा मागून येत होती. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, तुम्हाला मुलीसमोर माझा हात धरावासा वाटला. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई त्या हातासाठी मुलीच्या सुट्टीची वाट बघायची. तो हात माझ्यासाठी नव्हता. तो तुम्ही केलेल्या बनावाचा पुरावा होता.

निदान तो हात तरी तुम्ही मला खरा द्यायला हवा होता. बाकी सगळं राहू दे.

मेधा जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याशेजारी गॅलरीत बसली होती. म्हणाली, “आई, ते अण्णांचं असेल का गं?”

अण्णा म्हणजे तुमचे वडील. त्यांची गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली आहे. गिरणीला सुट्टी लागली की अण्णा गावी जायचे, आणि तुमच्या थोरल्या बहिणीला भेटायला तिच्या सासरी निघायचे. डोक्यावर फणस, कमरेला भाकरीचं फडकं. गावाबाहेर व्हाळ होता, ओढा, तिथे थांबायचे. निरोप धाडायचे. बहीण पोराला कडेवर घेऊन व्हाळावर यायची. अण्णा नातवाला मांडीवर घ्यायचे, फणस द्यायचे, स्वतःची भाकरी खायचे, ओढ्याचं पाणी प्यायचे आणि परत फिरायचे. ती रडून बोलवायची, तर म्हणायचे, “चेडवाच्या घरचा पाणी पिऊचा नाय.” तुम्ही हे अण्णांची नक्कल करून सांगायचात, आणि लोक पोट धरून हसायचे. तुम्हीही हसायचात. मुलीला मूल झालं की तिच्या घरचं पाणी न पिण्याची अट सुटते, असं तुमच्या आईच म्हणायच्या, पण अण्णांनी सोडली नाही.

परदेशी जाण्याआधी मेधाचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष सासरी, बोरिवलीला गेलं. आपण तिच्याकडे किती वेळा गेलो. प्रत्येक वेळी तुम्ही चहाला हात लावला नाहीत. “आत्ताच घेऊन निघालो.” “ॲसिडिटी आहे.” मी घरी येऊन तुम्हाला जिरं-पाणी करून द्यायची.

असेल तसं. मेधाला मी सांगितलं, मला माहीत नाही, आणि खरंच माहीत नाही. पण तसं असेल, तर ती अट तुमची होती, तुमच्या वडिलांची होती. माझे वडील सगळ्या मुलींकडे जेवले आणि वर डबा भरून घेऊन गेले. तुम्ही म्हणायचं होतंत, “मला लाज वाटते, मी येणार नाही, तू जा.” मी वाद घातला असता, चिडले असते, आणि मग एकटी गेले असते. तुम्हाला तेही नको होतं. अण्णा निदान स्वतः ओढ्यावर थांबले. माझ्या सासूबाईंचा गुडघा दुखतो असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एक दुपार मात्र मला सोडत नाही. नीलचा जन्म झाल्याचा फोन आला तो दिवस. तुम्ही आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात. सोसायटीत पेढे वाटलेत. मग दार लावून कॉम्प्युटरसमोर बसलात, खेळात बर्फ पाडलंत, कारण मेधा म्हणाली होती तिकडे बर्फ पडतंय, आणि म्युनिकहून निघालात. त्या दिवशी मी भाजी निवडायला नाही, नुसती बघायला बसले. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. ऑग्सबुर्गला गाडी अगदी हळू उभी केलीत. दारं उघडलीत. बंडू होता फलाटावर, अंगावर बर्फ न पडणारा. तुम्ही एक पेढा मॉनिटरसमोर ठेवलात.

“इथून पुढे अर्धा तास,” तुम्ही म्हणालात.

“मग चला ना खरोखर,” मी म्हटलं. “मी बॅग काढते.”

किती वेळ दारं उघडी ठेवून बसून होतात. पुढे रस्ता नव्हता. ती बाई “सिफा, सिफा” म्हणायला लागली नाही, कारण गाडी उभी होती. उभ्या गाडीला ती काही विचारत नाही. मग तुम्ही दारं बंद केलीत, गाडी उलटी फिरवलीत आणि म्युनिकला परत निघालात. तो पेढा मी उचलला. तुमच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं, मला वाटलं तुम्ही आनंदाने रडताय.

मेधाने माझं तिकीट काढलं आहे. व्हिसा झाला. फोटो नवीन काढावा लागला, जुन्या फोटोतली बाई आता त्यांना चालत नाही. बॅगेतले तुमचे लोकरीचे कपडे मी काढले आणि त्या जागी कोकम आणि कुळथाचं पीठ घातलं. मेधा फोनवर म्हणाली, “विमानतळावर आम्ही कार घेऊन येतो.” मी म्हटलं, नको, आपण रेल्वेने जाऊ. नील मागून ओरडला, “आजी, जिना आहे तिथे.” त्याला म्हटलं, तू काठी आणू नकोस म्हणजे झालं.

मी खिडकीशी बसणार आहे. पासिंग, ओल्शिंग, मेरिंग, नावं मला क्रमाने पाठ आहेत, भाजी निवडता निवडता झाली आहेत. बाक बघेन, भिंत बघेन, झाडं बघेन. ती सगळी सारखीच निघाली, तर आपलं भांडण मी जिंकले. वेगवेगळी निघाली, तर तुम्ही जिंकलात, पण ते मी तुम्हाला कळवणार नाही. तुम्हीही मला काही कळवलं नाहीत.

मग ऑग्सबुर्ग येईल. गाडी थांबेल, दारं उघडतील, थंड हवा आत येईल. ज्यांना उतरायचं ते उतरतील. मी बसून राहीन, पुढच्या अर्ध्या तासासाठी.